एका कांडीतून दोनशे मणी

अळूवडीचा उंडा वाफवून निवाला की गृहिणी त्याच्या चकत्या पाडू लागते. प्रत्येक चकतीवर हिरव्या पानाचे आणि पिवळसर पिठाचे तेच वेटोळे दिसते. ते कोणी चकतीवर काढलेले नसते. उंड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते आतच असते. सुरी त्याला फक्त उघडे करते. बचत गटांच्या दालनांतून व हस्तकलेच्या प्रदर्शनांतून जे बारीक फुलाफुलांचे मणी दिसतात, त्यांच्या घडणीचे मर्म या एका उदाहरणात आले. पॉलिमर क्ले या नावाने मिळणाऱ्या रंगीत लगद्याची नक्षीदार कांडी तयार करावयाची आणि ती कापून मणी करावयाचे, अशी ही पद्धत होय.

मूळची ही युक्ती काचकामातील. प्राचीन इजिप्तमध्ये व रोमन साम्राज्यात रंगीत काचेच्या सळया एकत्र तापवून, ओढून बारीक केल्या जात आणि त्यांच्या तुकड्यांतून नक्षीदार वस्तू घडविल्या जात. व्हेनिसजवळील मुरानो बेटावरील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात या कलेचे पुनरुज्जीवन केले. तिला मिळालेल्या ‘मिलेफिओरी’ या इटालियन नावाचा अर्थ ‘सहस्र फुले’ असा आहे. परंतु काचेला भट्टी, इंधन आणि अनेक वर्षांचा सराव लागतो. जर्मनीतील विख्यात बाहुलीकार केथे क्रूझे यांची कन्या सोफी, घरातील नाव फिफी, हिने तयार केलेला रंगीत लगदा एबरहार्ड फाबर या कंपनीने १९६४ मध्ये घेतला व तो पुढे ‘फिमो’ या नावाने प्रसिद्धीस आला. १९८०च्या दशकात अमेरिकेतील काही कलावंतांनी काचेच्या कांडीची रीत या लगद्यावर आजमावली आणि भट्टीवाचून तेच काम घरातील मेजावर होऊ लागले.

क्ले म्हणजे माती. पण या पदार्थात माती मुळीच नाही, ही गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. हे प्लॅस्टिक आहे. पीव्हीसीचे अतिसूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य आणि रंग यांचे ते मिश्रण असते. उष्णता लागली की कण हे द्रव्य शोषून फुगतात व एकमेकांत मिसळून एकजीव होतात. कुंभाराच्या मातीतून पाणी निघून जाते, म्हणून ती आकसते. येथे पाणी नसल्यामुळे मणी जवळजवळ आहे त्याच आकाराचा राहतो.

आता प्रत्यक्ष कृती. सर्व रंगांचे लगदे प्रथम चांगले मळून सारखे मऊ करावयाचे. ‘सारखे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एक रंग कठीण व दुसरा सैल राहिला, तर पुढे दाब देताना सैल रंग बाहेर सरकतो आणि फुलाची पाकळी वाकडी होते. उन्हाळ्यात लगदा फार चिकट होतो. तेव्हा तो दोन साध्या कोऱ्या कागदांमध्ये काही तास दाबून ठेवावा. जास्तीचे तेलकट द्रव्य कागद शोषून घेतो. सर्वांत सोपी कांडी वेटोळ्याची. गडद आणि फिकट अशा दोन पातळ पोळ्या एकीवर एक ठेवून घट्ट गुंडाळल्या की ती झाली. फुलाची कांडी करण्यासाठी मध्ये एका रंगाची सळई, भोवती पाकळ्यांच्या पाच किंवा सहा सळया, त्यांच्यामधील खाचांत पार्श्वभूमीच्या रंगाच्या त्रिकोणी पट्ट्या आणि सर्वांवर त्याच रंगाची एक पोळी, अशी रचना करतात. खाचा भरण्याचा नवशिक्यांना कंटाळा येतो. पण तेथे हवा राहिली, तर गोल पाकळ्या चेपून चौकोनी होतात.

यानंतरचा टप्पा या कलेचा खरा गाभा आहे. पाच सेंटिमीटर व्यासाची व तितक्याच उंचीची ही जाड कांडी मधोमध हलके दाबत, मधून टोकांकडे जात, फिरवून फिरवून बारीक करावयाची. गणिताच्या शिक्षकांना येथे एक उत्तम उदाहरण मिळेल. व्यास ५ वरून १ सेंटिमीटरवर आला म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ पंचविसावा हिस्सा होते. घनफळ कायम राहत असल्याने लांबी पंचवीस पट, म्हणजे १२५ सेंटिमीटर होते. पाच-पाच मिलिमीटरच्या चकत्या कापल्या, तर हिशेबाने २५० चपटे मणी निघतात. दोन्ही टोकांकडे नक्षी बिघडते, तो भाग सोडला तरी दोनशेहून अधिक हाती येतात. फूल एकदाच रचले, मणी दोनशे झाले! बारीक करता करता मध्येच थोडा तुकडा कापून ठेवला, तर तेच फूल लोलकासाठी मोठे व कर्णभूषणांसाठी लहान मिळते. मात्र नक्षी लहान होताना जवळजवळचे रंग एकमेकांत विरून गेल्यासारखे दिसतात, म्हणून गडद व फिकट यांतील भेद प्रारंभीच ठळक ठेवावा.

कापण्यापूर्वी कांडी काही वेळ थंड होऊ द्यावी. पाते पातळ व धारदार हवे. प्रत्येक कापानंतर कांडी पाव वळसा फिरवावी, म्हणजे एक बाजू चपटी होत नाही. गोल मणी करावयाचे असल्यास बिघडलेली टोके व उरलेला लगदा एकत्र मळून गोळी करतात, तिच्यावर पातळ चकत्या चिकटवून तळहातांत फिरवतात आणि सुईने भोक पाडतात.

भाजण्याच्या कामात मात्र हलगर्जी चालत नाही. बहुतेक लगद्यांना ११० ते १३५ अंश सेल्सिअस उष्णता सुमारे अर्धा तास लागते. नेमका आकडा वेष्टनावर दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा. प्रस्तुत लेखक एका प्रशिक्षण वर्गास उपस्थित होता. तेथे ओव्हनच्या कळीवरील आकड्यावर विश्वास ठेवला गेला आणि आतील उष्णता त्याहून कितीतरी अधिक निघाली. मणी तपकिरी पडले, डोळे व घसा चुरचुरू लागला आणि सर्वांना अंगणात यावे लागले. वीस बायकांचे दोन दिवसांचे काम गेले. पीव्हीसी फार तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. थोडे पैसे वाचविण्यासाठी ओव्हनमध्ये ठेवावयाचा वेगळा तापमापक न घेणे ही काटकसर नव्हे. वाईट वास आल्यास ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात. मायक्रोवेव्ह लहरींचा वापर करू नये. एकदा या कामास घेतलेले लाटणे, सुरी व ताटली पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, आणि उरलेले तुकडे शेकोटीत किंवा गावाच्या उकिरड्यावर कधीही जाळू नयेत. शेवटची सूचना ग्रामपंचायत सदस्यांनी विशेष ध्यानी घ्यावी.

शाळेत हा विषय घ्यावयाचा झाल्यास पहिले दोन-तीन तास रंगीत कणकेवर घालवावेत. वेटोळे आणि फूल तीतही उत्तम उमटते, खर्च नगण्य आणि ओव्हनची गरज नाही. हात बसल्यावर मोठ्या विद्यार्थ्यांना खरा लगदा द्यावा. भाजण्याचे काम शिक्षकांनी स्वतःकडे ठेवावे.

बचत गटांपुढे प्रश्न वेगळा आहे. हे मणी काही ठिकाणी ‘मातीचे दागिने’ म्हणून विकले जातात. ग्राहक टेराकोटा समजून घेतो, पुढे खरे कळते आणि शेजारच्या दालनातील खऱ्या मातीच्या दागिन्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही. ‘पॉलिमर क्ले, हस्तनिर्मित’ एवढी चिठ्ठी लावल्याने विक्री घटेल ही भीती अनाठायी वाटते. कारण ग्राहक पैसे मोजतो ते त्या बारीक फुलासाठी. चांगला लगदा स्वस्त नसतो, हेही हिशेबात धरले पाहिजे. सुदैवाने सर्व माल आधी करून ठेवण्याची आवश्यकता नसते. न भाजलेली कांडी पॉलिथिनमध्ये गुंडाळून, उन्हापासून दूर व थंड जागी ठेवली तर कित्येक महिने टिकते, आणि मागणी येईल तशी तेवढीच कापून भाजता येते.