सुडो: अख्खा रूट न देता एकच कमांड कशी द्यायची?

समजा, टीममधल्या एका डेव्हलपरला नवा कोड टाकल्यावर सर्व्हरवर फक्त एनजिनएक्स रीस्टार्ट करायचं असतं. त्यासाठी त्याला रूटचा पासवर्ड द्यायचा? म्हणजे एक खोली उघडायला अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या देण्यासारखं झालं. रूट काहीही करू शकतो, अगदी लॉगसुद्धा पुसू शकतो.

लिनक्स, मॅकओएससारख्या सिस्टमवर यासाठी सुडो आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत, बफेलोच्या विद्यापीठात ते तयार झालं. यात युजर रूटचा नाही, स्वतःचाच पासवर्ड टाकतो आणि कोणी कुठली कमांड चालवली याची नोंद लॉगमध्ये राहते.

नियम कसा लिहायचा?

नियम सुडोअर्स फाइलमध्ये असतात. प्रत्येक नियमात चार गोष्टी येतात: कोण, कुठल्या मशीनवर, कोणाच्या अधिकाराने आणि कुठली कमांड. कमांडचा पूर्ण पाथ लिहावा लागतो.

ही फाइल साध्या एडिटरने उघडू नका, व्हिसुडो वापरा. ते सेव्ह करण्याआधी सिंटॅक्स तपासतं. फाइल बिघडली तर सुडोच चालेनासं होऊ शकतं, आणि रूटचा पासवर्ड सेट नसेल तर रिकव्हरी मोडमध्ये जाऊन निस्तरावं लागतं.

खरी गोम इथे आहे

नियम लिहिणं सोपं आहे. पण आपण दिलेली कमांड स्वतः आणखी काय काय करू शकते, हे बघायला बरेच जण विसरतात.

१. नियमात नुसतं सिस्टमसीटीएल लिहिलं आणि पुढचं काही लिहिलं नाही, तर त्याला कुठलेही आर्ग्युमेंट चालतात. तो डेव्हलपर डेटाबेस थांबवू शकतो, मशीनही बंद करू शकतो. म्हणून 'रीस्टार्ट' आणि 'एनजिनएक्स' हे दोन्ही शब्द नियमातच लिहा.

२. विमसारखा एडिटर सुडोने देऊ नका. विमच्या आतून शेल उघडता येतं आणि ते शेल रूटचं असतं. लेस या पेजरचंही तेच. एखादी फाइल बदलू द्यायची असेल तर सुडोएडिट वापरा. त्यात एडिटर युजरच्याच अधिकाराने चालतो.

३. स्क्रिप्ट देत असाल तर ती, आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर, त्या युजरला बदलता येता कामा नये. नाहीतर तो तिच्यात हवं ते लिहून रूट म्हणून चालवेल.

४. 'सगळं चालेल, फक्त अमुक कमांड नको' असा उलटा नियम लिहू नका. ती कमांड दुसऱ्या नावाने कॉपी केली की नियम निष्फळ.

५. पासवर्ड न विचारण्याची सूट देता येते. डिप्लॉयमेंटच्या ऑटोमेशनला ती बऱ्याचदा लागते. पण ती एकाच नेमक्या कमांडपुरती ठेवा.

शेवटी तपासून बघा

त्या युजरच्या लॉगिनमधून सुडोला 'एल' ऑप्शन (हायफन आणि स्मॉल एल) देऊन चालवा. त्याला काय काय चालवता येतं, त्याची यादी दिसेल. यादीतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: यातून शेल उघडता येतं का, किंवा रूटची एखादी फाइल बदलता येते का? उत्तर 'हो' असेल, तर एक कमांड म्हणून तुम्ही अख्खा रूटच देऊन बसला आहात.