ताक का कळकते?

“पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नकोस गं, कळकेल,” असं सासूबाई म्हणतात ना, तेव्हा त्या रसायनशास्त्रच सांगत असतात!

ताक, चिंच, आमसूल या सगळ्यांत आम्ल असते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त आम्लात सहज विरघळते. तांबे एकटे सौम्य आम्लाला दाद देत नाही. पण हवेतला प्राणवायू मदतीला आला की तेही विरघळू लागते. रात्रभर राहिलेल्या कढीच्या काठाला हिरवट कड दिसते ती तांब्याच्या क्षारांची. ते पोटात गेले की मळमळ, उलट्या, कळा. अशी कढी पुन्हा उकळून सुधारत नाही. हळहळू नका, सरळ ओतून द्या.

कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कथिल आंबटात फारच सावकाश विरघळते. कल्हईवाला नवसागर टाकतो तोही उगीच नव्हे. त्याने भांड्यावरचा गंज सुटतो आणि कथिल घट्ट बसते. कथिलात शिशाची भेसळ नाही ना, एवढे मात्र खडसावून विचारा. आतून पिवळे दिसू लागले की भांडे कल्हईला काढा. हल्ली कल्हईवाला दारावर येतो कुठे, म्हणाल! मग तोवर त्यात आंबट शिजवू नका. बाहेरून चिंचेने खुशाल घासा; डाग त्याच आम्लाने निघतात.