भांड्यावरचं नाव

लग्नात द्यायला भांडं घेतलं की दुकानदाराचा प्रश्न ठरलेला असतो, "नाव काय घालायचं?" मग दुकानाच्या पायरीवर बसलेला कारागीर छोटी हातोडी आणि टोकदार खिळा घेऊन ठक् ठक् करत ठिपक्यांची अक्षरं उमटवतो. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख. भांडं घरी येतं, आणि ती अक्षरं पुन्हा कुणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो. वाचायला शिकलो ते एका चोरीमुळे.

काही वर्षांपूर्वी आमच्या इंदापूरच्या बंद घराचं कुलूप तुटलं. आम्ही तेव्हा बारामतीला होतो. आईच्या ट्रंकेतलं चांदीचं पानदान, अत्तरदाणी आणि एक फुलपात्र गेलं. बऱ्याच महिन्यांनी चोर सापडले आणि माल ओळखायला बोलावणं आलं. टेबलावर पाच-सहा घरांची चांदी मांडली होती. पानदान दिसलं नाही, बहुधा ते आटवलं गेलं असावं. फुलपात्र मात्र होतं. मी हात पुढे केला, तोच शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "हे आमचं आहे. बघा, माझ्या आजीचं नाव."

नाव खरोखरच होतं, आडनावासकट. त्यांच्याही घरी चोरी झाली होती, त्यामुळे ते खोटं बोलत नव्हते. पण एका हिंदू आजीचं नाव असलेल्या भांड्यावर माझ्यासारखा मुसलमान माणूस हक्क सांगतोय, हे पाहून खोलीतल्या नजरा बदलल्या. आई हयात नव्हती. पावती असण्याचा प्रश्नच नव्हता.

अशा वेळी करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे नुसतं नाव वाचायचं नाही, नावापुढचा प्रत्यय वाचायचा. आजीच्या नावापुढे 'यांज' एवढीच अक्षरं शाबूत होती. पुढचा भाग वर्षानुवर्षं राखेनं घासून झिजला होता. मी पातळ कागद मागून घेतला, भांड्यावर गुंडाळला आणि वरून शिसपेन्सिल आडवी घासली. झिजलेले ठिपके कागदावर पुसट उमटले: 'कडून'. त्याखाली माझ्या आईच्या नावातली शेवटची दोन अक्षरं आणि 'हीस'. शाळेत आपण 'स, ला, ते' घोकलं होतं. त्या दिवशी चतुर्थीचा तो 'स' माझा साक्षीदार झाला. आजी देणारी होती, आई घेणारी.

त्या गृहस्थांनी तिथूनच आपल्या आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, "अरे, ती आईची मानलेली बहीण. तिच्या लग्नात आईनं फुलपात्र दिलं होतं." त्यांनी तिथल्या तिथे आपला दावा सोडला. पुढे रीतसर अर्ज केला आणि न्यायालयाच्या आदेशानं सुपूर्तनाम्यावर भांडं माझ्या हाती आलं.

ही युक्ती आपल्या एकट्याची नाही. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या, तेव्हा पैसा सुरक्षित ठेवायला बँका नव्हत्या. लोक चांदीची नाणी आटवून पेले, थाळ्या करून घेत आणि त्यावर तीन अक्षरं कोरून घेत. वर आडनावाचं, खाली एकीकडे नवऱ्याचं आणि दुसरीकडे बायकोचं. शिवाय घडवणाऱ्या सोनाराचा शिक्का असे. चोरी झाली की याच खुणा वर्तमानपत्रात छापायच्या आणि असा माल विकायला आला तर अडवावा, असं सोनारांना कळवायचं. आज ती तीन अक्षरं धरून अभ्यासक लग्नाच्या नोंदींपर्यंत जातात आणि भांडं कुठल्या घरातून कुठल्या घरात गेलं ते शोधतात.

आपल्याकडचं ताजं उदाहरण नागपूरकर भोसल्यांच्या तलवारीचं. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या लिलावात निघाली. पातं युरोपी बनावटीचं, म्हणजे फिरंग. पण त्यावर देवनागरीत रघोजी भोसले हे नाव आणि 'सेनासाहेब सुभा' हा किताब सोन्यानं लिहिलेला. शाहू महाराजांच्या काळातले पहिले रघुजी भोसले ते हेच. महाराष्ट्र शासनानं ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. मात्र ती परदेशी कशी गेली, हे नाव सांगत नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत गेली असावी, असा तर्क केला जातो. वस्तू कुणाची, हे नाव सांगतं. ती हातातून कशी सुटली, त्याला वेगळा पुरावा लागतो. माझ्या फुलपात्राच्या बाबतीत तो पुरावा आत्याच्या आठवणीत होता.

नावावरून नातं शोधण्याची सवय इंदापूरला तशी जुनीच. मालोजीराजांचं हे गाव. त्यांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली ती अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून, असं परंपरा सांगते. नाव दोन घरांना असं जोडून ठेवतं.

म्हणून एक विनंती. घरातली नाव घातलेली भांडी एकदा उजेडात आणा. अक्षरांचे जवळून फोटो काढा. 'कडून' कोण आणि 'हीस' कोण, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा. सोन्याच्या दागिन्यावर २०२३ पासून सहा खुणांचा हॉलमार्क क्रमांक असतो. त्यावरून दागिना ओळखता येईल, पण तो कुणी कुणाला कशासाठी दिला ते त्यात नसतं. ते आत्यालाच विचारावं लागतं, आणि आत्या आहे तोवरच.

त्या गृहस्थांची चांदी काही मिळाली नाही. पण त्यांचं आमच्याकडे आणि आमचं त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू झालं. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न आहे. मी फुलपात्र घेऊन बारामतीच्या बाजारात गेलो. आता नाव विजेच्या यंत्रानं घालतात, ठक् ठक् होत नाही. कारागिरानं विचारलं, "जुनं नाव घासून काढू?" म्हटलं, "नको. त्याच्याखाली जागा आहे, तिथं घाला." आईच्या नावाच्या उरलेल्या दोन अक्षरांखाली आता नवी ओळ आहे. त्यात 'हीस' त्यांची लेक आहे आणि 'कडून' आम्ही.