पुरस्कार आणि प्रेक्षकांचा अपेक्षाभंग : 'ला आव्वेन्तूरा'च्या निमित्ताने

एखाद्या परभाषिक चित्रपटास आंतरराष्ट्रीय महोत्सवात पारितोषिक मिळावे, जाणत्या समीक्षकांनी त्याची प्रशंसा करावी, आणि प्रेक्षकाने मात्र तो पाहून निराश होऊन परतावे, हा प्रकार चित्रपटाच्या इतिहासात वारंवार घडलेला आहे. अशा वेळी दोन उत्तरे तत्काळ पुढे येतात. प्रेक्षकाची अभिरुची अपरिपक्व आहे, हे एक. आणि परीक्षकांनी दुर्बोधतेलाच गुण मानले, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे विचाराला पूर्णविराम देणारी आहेत. निराशा कोणत्या ठिकाणी उत्पन्न झाली, ती निर्माण करण्यात कलाकृतीचा वाटा किती आणि बाह्य परिस्थितीचा किती, हा खरा अभ्यासाचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात मिकेलांजेलो आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 'ला आव्वेन्तूरा' या चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम घटना पाहू. मे १९६० मध्ये फ्रान्समधील कान येथील महोत्सवात हा चित्रपट प्रथम दाखविण्यात आला. प्रेक्षकांनी नको त्या ठिकाणी हसण्यास प्रारंभ केला, लांबलेल्या दृश्यांच्या वेळी 'कापा, कापा' अशा आरोळ्या दिल्या आणि अखेरीस उघड धिक्कार केला. दिग्दर्शक आणि नायिका मोनिका व्हिट्टी ही दोघेही त्या वेळी सभागृहात होती. दुसऱ्या दिवशी रोबेर्तो रोसेल्लिनी यांच्यासह अनेक चित्रपटकारांनी व समीक्षकांनी चित्रपटाच्या समर्थनार्थ एक निवेदन प्रसिद्ध केले. कादंबरीकार जॉर्ज सिमनाँ यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षकमंडळाने सर्वोच्च पारितोषिक फेल्लिनी यांच्या 'ला दोल्चे व्हिता'ला दिले. 'ला आव्वेन्तूरा'ला मात्र कोन इचिकावा यांच्या 'कागी' या जपानी चित्रपटासमवेत परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. चित्रपटाच्या नव्या भाषेचा शोध, ही त्या गौरवामागील भूमिका होती. म्हणजे एकाच आठवड्यात एकाच कलाकृतीविषयी दोन परस्परविरुद्ध निर्णय दिले गेले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, धिक्कार करणारा हा प्रेक्षकवर्ग महोत्सवाला येणारा, चित्रपटांशी परिचित असा होता. तेव्हा अपरिपक्वतेचे उत्तर येथे पुरेसे ठरत नाही.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे : आन्ना ही धनिक कुटुंबातील तरुणी, तिचा प्रियकर सान्द्रो आणि तिची मैत्रीण क्लाउदिया हे काही मित्रमंडळींसह सिसिलीच्या उत्तरेकडील एओलियन द्वीपसमूहात नौकाविहारास जातात. लिस्का बिआंका या ओसाड खडकाळ बेटावर आन्ना एकाएकी नाहीशी होते. बेट धुंडाळले जाते, पोलीस येतात, तिचे वडील येतात. पण तिचा मागमूस लागत नाही. पुढे सान्द्रो व क्लाउदिया सिसिलीत तिचा शोध घेत फिरू लागतात आणि फिरता फिरता त्यांच्यातच प्रेमसंबंध निर्माण होतो. शोध हळूहळू मंदावतो. शेवटी ताओर्मिना येथील हॉटेलात सान्द्रो एका परक्या स्त्रीच्या सहवासात क्लाउदियाला आढळतो. पहाटे बाकावर बसून तो रडतो, आणि क्लाउदिया काहीशा संकोचानंतर त्याच्या मस्तकावर हात ठेवते. येथे चित्रपट संपतो. आन्नाचे काय झाले हे अखेरपर्यंत कळत नाही.

प्रेक्षकाचा रोष समजून घेण्यास आपल्या नाट्यशास्त्रातील संधिविचार उपयोगी पडतो. मुखसंधीत पेरलेले बीज गर्भसंधीत कधी गवसते, कधी हरवते, आणि त्याचा पुन्हा शोध घेतला जातो. विमर्शानंतर निर्वहणात ते फलद्रूप होते. आन्नाचे नाहीसे होणे हेच बीज, असे मानून प्रेक्षक शोधाच्या मागोमाग चालू लागतो. तसे मानण्यास दिग्दर्शकानेच त्याला प्रवृत्त केलेले असते. तिच्या सामानात बायबल व एक आधुनिक कादंबरी सापडते, आणि बायबल वाचणारी मुलगी आत्महत्या करणार नाही असा आधार वडील शोधतात. तस्करांचा संशय येतो, वृत्तपत्रात बातमी येते, एक औषधविक्रेता तिला पाहिल्याचे सांगतो. प्रत्येक दुवा प्रेक्षकाच्या हाती दिला जातो आणि तो कोठेच पोचत नाही. सुमारे १४३ मिनिटांच्या या चित्रपटाचे कथानक गर्भसंधीतच अडकून पडले, अशी प्रेक्षकाची तक्रार असेल तर ती निराधार म्हणता येणार नाही. ज्याने धिक्कार केला त्यानेही चित्रपट लक्षपूर्वक पाहिला होता.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. त्याच १९६० साली आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'सायको' प्रदर्शित झाला. त्यातही जिला आपण नायिका समजतो ती स्त्री कथानकाच्या पूर्वार्धातच नष्ट होते. प्रेक्षकाला जबर धक्का बसतो. परंतु त्याची फसवणूक होत नाही, कारण खून कोणी केला व का केला याचा उलगडा शेवटी होतो, किंबहुना एक मानसरोगतज्ज्ञ तो विस्ताराने करून सांगतो. यावरून दिसते की नायिकेचे अकाली अंतर्धान पावणे हे निराशेचे कारण नव्हे. निर्वहणाचा अभाव हे ते कारण आहे.

मग 'ला आव्वेन्तूरा'ला निर्वहण खरोखरच नाही काय? चित्रपट पुन्हा पाहिल्यास बीज अन्यत्र पेरलेले आढळते. नाहीशी होण्यापूर्वी आन्ना सान्द्रोशी बोलताना आपल्या मनातील भावना आटल्याची कबुली देते; तो जवळ असूनही तिला जाणवेनासा झाला आहे. सान्द्रो हा वास्तुशिल्पी. पण स्वतःची निर्मिती सोडून इतरांच्या कामांच्या खर्चाचे अंदाज करून देण्यात त्याने समाधान मानले आहे. नोतो या गावी एका तरुणाने रेखाटलेल्या चित्रावर तो शाई सांडून ठेवतो. ज्या स्त्रीसमवेत तो शेवटी सापडतो ती मेस्सिना शहरातील गर्दीच्या प्रसंगात आधीच आपल्याला दिसलेली असते. माणसाच्या भावनांचे अल्पायुष्य हे या कृतीचे खरे बीज आहे. ते आन्नाच्या तोंडून प्रथम प्रकट होते, सान्द्रोच्या वर्तनात वाढते आणि बाकावरील त्या शेवटच्या प्रसंगी फलास येते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आन्नाचे विस्मरण ही दिग्दर्शकाची हेळसांड नव्हे, याचा पुरावा चित्रपटातच आहे. अखेरच्या भागात क्लाउदिया सांगते की, काही दिवसांपूर्वी आन्ना मेली असेल या कल्पनेने तिचा जीव कासावीस होत होता. आता ती जिवंत असेल या कल्पनेने होतो. पात्रे आन्नाला विसरू लागतात तसतसा प्रेक्षकही तिला विसरू लागतो, आणि या वाक्याने त्या दोघांचाही हिशेब मांडला जातो. प्रेक्षकाची अस्वस्थता ही अशा रीतीने कृतीच्या अर्थाचाच एक भाग बनते. मात्र ही अस्वस्थता आपली आपण ओळखणे हे पहिल्या दर्शनात सर्वांना साधेल, अशी अपेक्षा धरणे न्याय्य नव्हे.

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसास्वादाच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी तिहींचा येथे विशेष संबंध येतो. पहिले अप्रधानता : गौण वस्तूवर चित्त खिळले की प्रधान वस्तूची प्रतीती होत नाही. आन्नाच्या शोधाला प्रधान मानणाऱ्या प्रेक्षकाची हीच स्थिती होते. दुसरे संशययोग : अश्रू दिसले तरी ते आनंदाचे, शोकाचे की नेत्रविकाराचे, याचा निश्चय होत नाही. सान्द्रोचे शेवटचे अश्रू पश्चात्तापाचे, आत्मकरुणेचे की केवळ थकव्याचे, हे चित्रपट सांगत नाही. पारंपरिक दृष्टीने जे विघ्न, तेच येथे दिग्दर्शकाने साधन म्हणून योजिले आहे. तिसरे प्रतीत्युपायवैकल्य, म्हणजे प्रतीतीच्या साधनांची उणीव. परभाषिक चित्रपटाच्या बाबतीत याचा विसर पडता कामा नये. आपल्याकडील विद्यार्थी हा चित्रपट बहुधा इंग्रजी उपशीर्षकांसह पाहतो. आवाजातील चढउतार, वर्गभेद दाखविणारी बोलण्याची ढब, या गोष्टी त्याच्यापर्यंत अंशतःच पोचतात. शीर्षकाचेच उदाहरण घ्यावे. 'आव्वेन्तूरा' या शब्दाचा अर्थ साहस असा आहे. पण क्षणिक प्रेमप्रकरण असाही त्याचा अर्थ होतो. इटालियन प्रेक्षकाला दोन्ही अर्थ ऐकू येतात. केवळ 'साहस' एवढाच अर्थ माहीत असणारा मात्र भलत्याच अपेक्षेने आसनावर बसतो.

आता पुरस्काराविषयी. परीक्षकमंडळाचा निर्णय हा एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट चित्रपटांमध्ये, विशिष्ट गुणाविषयी दिलेला अभिप्राय असतो. 'ला आव्वेन्तूरा'च्या बाबतीत तो गुण भाषेच्या नावीन्याचा होता. जाहिरातीवर ते बोधचिन्ह छापले गेले की त्याचे स्वरूप बदलते. 'यात नवे काही केले आहे' या विधानाचे 'हे तुम्हांस आवडेल' असे आश्वासन बनते. हे आश्वासन ना परीक्षकांनी दिलेले असते, ना दिग्दर्शकाने. तरीही ते मोडल्याचा दोष प्रेक्षक त्या दोघांच्या माथी मारतो. पुष्कळदा तो स्वतःलाच दोषी ठरवतो, आणि हे अधिक घातक आहे. आपणांस कळले नाही असे मानून तो न झालेला आनंद झाल्याचे सांगू लागतो. अभ्यासवर्गातही ही वृत्ती आढळते. धिक्कार करणारा प्रेक्षक निदान आपल्या अनुभवाशी प्रामाणिक होता.

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. प्रेक्षकाचा अपेक्षाभंग हाच कृतीचा अर्थ, असे एकदा म्हटले की कोणत्याही कंटाळवाण्या चित्रपटाचे समर्थन करता येईल. आक्षेप योग्य आहे. म्हणूनच कसोटी हवी. ती अशी मांडता येईल : अपेक्षाभंगाची जाणीव कृतीला स्वतःला आहे काय, आणि तिने त्याची पूर्वतयारी केली आहे काय? 'ला आव्वेन्तूरा'त आन्नाचे आरंभीचे बोलणे, मेस्सिना येथील ती स्त्री आणि क्लाउदियाची कबुली हे तीन पुरावे कृतीच्या अंतर्रचनेतच सापडतात. असे पुरावे जेथे नसतील तेथे पारितोषिकाच्या आधाराने ते कल्पू नयेत.

काळाने दिलेला निर्णयही या प्रश्नाचा निकाल लावीत नाही. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने १९६२ साली समीक्षकांचे मत घेतले, तेव्हा जगातील सर्वोत्कृष्ट चित्रपटांत 'सिटिझन केन'च्या खालोखाल 'ला आव्वेन्तूरा'ला दुसरे स्थान मिळाले. दोनच वर्षांपूर्वी त्याचा धिक्कार झाला होता. पुढे १९७२ व १९८२ च्या यादीतही तो पहिल्या दहांत होता; १९९२ च्या यादीत मात्र त्या दहांत त्याचे नाव नाही. समीक्षकांची मतेही अशी चढत-उतरत राहिली आहेत. यास्तव विद्यार्थ्याने पारितोषिकप्राप्त चित्रपट पाहून निराशा झाल्यास ती दडवू नये व तिला अंतिम निर्णयही मानू नये. कोणत्या दृश्यापाशी आपले चित्त उचटले, तेथवर कृतीने कोणते आश्वासन दिले होते, आणि ते देताना तिने दुसरे कोणते बीज पेरले होते, हे त्याने टिपून ठेवावे. दुसऱ्या दर्शनास त्या टिपणापासून प्रारंभ करता येईल.