धुराने रंगलेली मडकी

चेन्नईत एग्मोरच्या पँथिऑन रोडवरचं सरकारी संग्रहालय १८५१ साली सुरू झालं. लोक तिथं जातात ते चोळकालीन कांस्यमूर्ती आणि अमरावतीची शिल्पं पाहायला. माझ्या मते तितकीच मोलाची आहेत ती तिथली आदिच्चनल्लूरची मडकी.

तामिरपरणी नदीकाठच्या या लोहयुगीन दफनभूमीत १८७६ मध्ये बर्लिनच्या यागोर यांनी पहिलं उत्खनन केलं. विसावं शतक उजाडताना अलेक्झांडर री यांनी ते मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. माणसाची हाडं सामावतील एवढे रांजण, लोखंडी हत्यारं, सोन्याच्या पातळ पत्र्याच्या ललाटपट्ट्या आणि काळी-तांबडी भांडी तिथं सापडली. त्यातला बराच ठेवा एग्मोरला आला.

असा वाडगा नीट पाहावा. आतून तो काळा, काठही काळा, बाहेरची खालची बाजू तांबडी. दोन रंग भेटतात तिथं रेघ नसते. काळा हळूहळू तपकिरी होत तांबड्यात विरतो. हे रंगकाम नव्हे, आव्यातल्या हवेचं काम. भांडं तोंडाकडून राखेत किंवा तुसात पालथं रोवून भाजलं, की आत हवा पोचत नाही, धूर कोंडतो आणि त्यातला कार्बन मातीत मुरतो. उघड्या अंगाला मात्र हवा मिळते आणि मातीतलं लोह तांबडं होतं. काही अभ्यासक दोनदा भाजणीचीही शक्यता मांडतात. कसंही असो, भाजण्यापूर्वी पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केलेला असे, चकाकी त्याची.

लोहाची ही किमया या किनाऱ्यावर उघड्यावरही दिसते. आदिच्चनल्लूरच्या खाली तामिरपरणी मन्नारच्या आखाताला मिळते. त्या बाजूला ‘तेरी’ नावाच्या तांबड्या वाळूच्या टेकड्या आहेत. वाऱ्याने रचलेल्या त्या वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो. टेकडी आणि वाडगा, दोघांचा तांबडेपणा एकाच धातूचा.

मराठी वाचकाला ही भांडी परकी नाहीत. नागपूरजवळच्या टाकळघाट-खापा, माहूरझरी आणि नैकुंड इथल्या शिळावर्तुळांतूनही काळी-तांबडी भांडी निघाली आहेत. या कुंभारांपाशी तापमापक नव्हता. कुठं हवा द्यायची आणि कुठं अडवायची, हे ज्ञान त्यांच्या हातात होतं. आपण इतिहास शिलालेखांत आणि राजमुद्रांत शोधतो. निनावी कारागिरांचं रसायन या मडक्यांत नोंदलेलं आहे. एग्मोरला गेलात तर कांस्यमूर्तींइतकाच वेळ त्यांनाही द्या.