पुरात बुडालेले इंजिन

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री नदीच्या महापुरात महाड शहर बुडाले. पूर ओसरल्यावर चिखलाने भरलेली वाहने जागोजाग दिसू लागली. समजा, त्याच खोऱ्यात पोलादपूरजवळ एक डिझेल टेम्पो तेव्हापासून गोठ्याशेजारी उभा आहे. घरच्यांना तो पुन्हा पोटापाण्याला लावायचा आहे. “नवी बॅटरी लावून किल्ली फिरवून तर पाहू!” असे कोणीतरी म्हणणारच. पण हीच घाई इंजिनाचा घात करते. कशी, ते पाहा.

दट्ट्या खालून वर जाताना सिलिंडरातील ५०० घनसेंटिमीटर जागा व्यापतो आणि संपीडनाचे प्रमाण १७:१ आहे, असे धरा. मग दट्ट्या माथ्यावर पोचला की वर उरणारी जागा ५०० ÷ १६, म्हणजे सुमारे ३१ घनसेंटिमीटर. दोन मोठे चमचे पाणी ती भरून टाकते! हवा दाबली जाते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. दट्ट्या वाटेतच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून आधी तपासणी. बॅटरीच्या तारा सुटलेल्याच राहू द्या. प्रथम चिखलाची रेघ कोठवर आहे ते पाहा, मग हवेची गाळणी उघडा. तिच्यात गाळ असेल, तर पाणी सिलिंडरापर्यंत गेले असण्याचा संभव मोठा.

आता तेल. डिपस्टिकवर तेल स्वच्छ दिसले म्हणून फसू नका. तेल पाण्याहून हलके असते, म्हणून पाणी तळाशी बसते. वर तेलाचे पांघरूण असल्याने ते वर्षानुवर्षे आटत नाही. तेलाची पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर संशय घ्या. तळाचा बोल्ट सैल करताच आधी पाणी येईल. तेल दुधाळ असेल, तर पाणी शिरल्यावर इंजिन फिरवले गेले असावे. कारण घुसळल्याशिवाय ती दोन सहसा मिसळत नाहीत.

सिलिंडरातले पाणी एव्हाना आटलेही असेल, पण ते मागे गंज ठेवून जाते. गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. म्हणून पूर ओसरल्यानंतरचे ओलसर दिवसच अधिक घातक. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे दट्ट्याच्या कड्या सिलिंडरात घट्ट बसतात.

जाणता मेकॅनिक इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे पातळ तेल सोडतो, ते मुरू देतो आणि मग पान्याने क्रँकशाफ्ट हलकेच फिरवून पाहतो. छिद्रांतून पाणी उडते, म्हणून तोंड दूर ठेवावे. क्रँकशाफ्ट अडला, तर जोर न लावता हेड उघडावे. भिंतीवर नुसता डाग असेल, तर तो घासून जातो. नखाला खड्डा लागला, तर सिलिंडर तासून घ्यावा लागतो किंवा बदलावा लागतो. क्रँकशाफ्ट मोकळा फिरला, तरी बेअरिंगे तपासून, सारे तेल, डिझेल व गाळण्या बदलूनच किल्ली फिरवावी.

घरी एक प्रयोग करा. एका पेल्यात लोखंडी खिळा अर्धा बुडेल एवढे पाणी घाला, दुसऱ्यात उकळून गार केलेल्या पाण्यात तो पूर्ण बुडवून वर तेलाचा थर द्या. आठवड्याने दोन्ही खिळे ताडून पाहा. टेम्पोच्या पोटात काय घडले असेल, ते तुम्हांला कळेल.