भामिनी पडद्यावर येते तेव्हा...

बालदोस्तांनो, आमच्या पैठणच्या संत एकनाथांवर प्रभात कंपनीने १९३५ साली ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढला. त्यात नाथ कोण झालं होतं, ठाऊक आहे? बालगंधर्व! आणि याच बालगंधर्वांनी १९११ साली ‘संगीत मानापमान’ नाटकात भामिनी नावाच्या श्रीमंत मुलीचं काम केलं होतं. तेव्हा नाटकात बायकांची कामं बहुधा पुरुषच करीत, बरं का!

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक म्हणजे लग्नाची गंमत. धैर्यधर शूर सेनापती, पण गरीब. भामिनी त्याला ठसक्यात नाकारते. पुढे तीच वनमाला नावाची गरीब मुलगी बनून त्याला भेटते आणि त्याचे गुण ओळखते. दुसरा नवरदेव लक्ष्मीधर. अंगभर दागिने, पण मनाने भित्रा!

२०२५ च्या जानेवारीत या नाटकावरून सुबोध भावे यांनी चित्रपट आणला. भामिनी झाली वैदेही परशुरामी. नाटकाचं संगीत गोविंदराव टेंबे यांचं होतं, चित्रपटाचं शंकर-एहसान-लॉय यांनी केलं.

आता सांगा पाहू, नाटकासमोर कॅमेरा ठेवला की झाला का सिनेमा? छे! नाटकात पदांवर ‘वन्समोअर’ मिळायचे, प्रयोग रात्रभर रंगायचा. सिनेमा दोन-तीन तासांत संपवायचा, म्हणजे पदांना कात्री आलीच. तेव्हा माईक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. कॅमेऱ्यापुढे कुजबूजही पुरते. आणि खरी पंचाईत वेषांतराची! रंगमंचावर साडी बदलली की आपण भामिनीला वनमाला मानतो. पडद्यावर तोच चेहरा एवढा मोठा दिसला की प्रेक्षक म्हणणार, ‘अहो, याला ओळखू कसं येत नाही?’

मग पदं कमी करा, प्रसंग बदला, चालेल. पण एक गोष्ट गाळून कसं चालेल? मान पैशाला द्यायचा की गुणांना? नाटकाचा जीव या प्रश्नात आहे. वर्गात साध्या कपड्यांतला नवा मुलगा आला की आपल्यालाही तो प्रश्न पडतोच की!

येत्या स्नेहसंमेलनात एक प्रसंग करून बघा. आधी पटांगणाच्या टोकाला ऐकू जाईल असा, मग समोर एकच मित्र बसवून. काय काय बदलावं लागलं, ते वहीत लिहा. आणि काय मुळीच बदललं नाही, तेही!